पुसलेले फोटो

फैजपूरला यावल रस्त्यावर पियुषचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. दसरा नुकताच झाला होता. केळीने भरलेले ट्रॅक्टर सकाळपासून धडधडत जात होते आणि त्यांची धूळ काउंटरवर येऊन बसत होती. पियुष एका शाळेचा प्रिंटर खोलून आत अडकलेला कागद चिमट्याने ओढत होता. तेवढ्यात झुलाल नाना पायरी चढून आले, स्टूल ओढून बसले आणि खिशातून हातरुमालात गुंडाळलेला मोबाईल काढून त्यांनी पुढ्यात ठेवला.

"हेमराजभाऊनी पोर शे," नाना म्हणाले. "पसंती व्हई गयी. फोन तेवढा दखना बाकी शे."

नाना मूळचे धुळ्याकडचे, शिंदखेड्याजवळच्या एका गावचे. धुळे आणि जळगाव, दोन्ही जिल्ह्यांत सोयरिकी जुळवण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं. पांढरी टोपी, हळू अहिराणी बोलणं, कोणाच्याही घरात थेट माजघरापर्यंत वावर. त्यांच्या शब्दावर लग्नं ठरत आणि त्यांच्याच शब्दावर मोडतही.

फोन पाहायची ही रीत काही जुनी नव्हती. मागे कुठल्याशा गावात एक मुलगी हळदीच्या दिवशी भलत्याच मुलासोबत निघून गेली आणि मुलाकडच्या लोकांना रिकामा मांडव सोडून परत जावं लागलं. तेव्हापासून नानांनी आणि त्यांच्यासारख्या चार जाणत्यांनी ठरवलं, की पसंती झाली की साखरपुड्याआधी मुलीचा फोन एक दिवस मध्यस्थाकडे द्यायचा. याचा ठराव कुठल्या सभेत झाला नव्हता. पण एका घराने दिला म्हणून दुसऱ्याने दिला, आणि बघता बघता जो देत नाही त्याच्या मुलीत काहीतरी खोट आहे असं धरलं जाऊ लागलं. मुलींचे बापच पुढे होऊन म्हणू लागले, आमच्या पोरीत लपवण्यासारखं आहे काय, घेऊन जा. मुलाचा फोन मात्र कोणी मागत नसे. सावद्याच्या एका शिक्षकाने आपल्या मुलीसाठी एकदा मागून पाहिला, तेव्हा भर बैठकीत हशा पिकला होता.

फोन उघडून चाळणं कोणालाही जमतं. पण मुली फोन देण्याआधी नको ते पुसून टाकत, आणि तिथे पियुष लागत असे. पुसलेलं परत वर आणणं हे त्याचं कसब होतं.

हा पियुष काही वाईट माणूस नव्हता. जळगावला इंजिनीअरिंग करताना त्याला मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. म्हणजे ज्याची आतली घडण कोणालाही उघडून पाहता येते, सुधारता येते आणि मोकळेपणाने वाटता येते अशी सॉफ्टवेअर. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याने तावातावाने भाषण केलं होतं, की आपली माहिती आपल्या घरात राहिली पाहिजे, कुठल्या परदेशी कंपनीच्या गोदामात नाही. दुकान टाकल्यावर तो त्या बोलण्याला जागला. मागच्या खोलीत एका जुन्या कॉम्प्युटरवर त्याने स्वतःचा सर्व्हर उभा केला. लग्नाचे अल्बम, शाळांचे निकाल, शेताचे कागद लोक विश्वासाने त्याच्याकडे ठेवत. कोणाला फाईल पाठवायची तर तो एक लिंक देई. ती उघडायला ना नाव लागे ना नंबर. कोणी पाठवलं, कोणी उघडलं याची नोंद तो सर्व्हर ठेवतच नसे, आणि आठवड्याभराने लिंक आपोआप बंद होऊन फाईल नाहीशी होई. गिऱ्हाइकावर पाळत ठेवायची नाही, हे त्याचं तत्त्व होतं आणि त्याचा त्याला अभिमान होता.

फोन तपासणीचं कामही त्याच वाटेने जाई. फोनमधून जे निघेल ते सर्व्हरवर, आणि लिंक नानांच्या हातात. तेव्हा त्याला आपलं ते भाषण आठवत नसे असं नाही. पण तो मनाची समजूत घाली. आईबाप आपल्या हाताने फोन देतात. मी कोण मध्ये बोलणारा? मी नुसता तराजूचा काटा. माल ज्याचा त्याचा.

नानांनी फोन उघडायचा आकडा सांगितला आणि ते चहाला निघून गेले. पियुषने मेमरी कार्ड काढून कॉम्प्युटरला लावलं. आधी जे दिसायचं ते दिसलं. क्लासच्या फळ्यावरची गणितं, रसायनशास्त्राच्या वहीची पानं, कोणाचा तरी वाढदिवस, केळीच्या घडाशेजारी डोक्यावर पदर घेऊन उभी असलेली आई. हेमराजभाऊंची ही ऋतिका म्हणजे एम. एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेली, गावातल्या मुलांचे क्लास घेणारी मुलगी. कुठे कोणा मुलाचा फोटो नव्हता, चोरटं बोलणं नव्हतं.

मग पुसलेले फोटो एकेक करून वर येऊ लागले, आणि ते सगळे एकाच प्रकारचे होते. कमरेखालची, मांडीची उघडी बाजू. तिच्यावर पांढरा डाग. डागाला लागून धरलेली शाळकरी मोजपट्टी. पुढच्या फोटोत तोच डाग, तीच पट्टी, तोच खिडकीतला उजेड. त्याच्या पुढच्यातही तेच. कुठेही चेहरा नव्हता.

पियुषने उठून दुकानाचं शटर अर्धं ओढलं. त्याला सगळं समजलं होतं. त्याची थोरली मावशी जन्मभर मनगटापर्यंत बाह्यांचं पोलकं घालून वावरली होती आणि घरच्या लग्नातसुद्धा हळद लावायला तिला कोणी पुढे बोलावलं नव्हतं. कोड एकाचं दुसऱ्याला लागत नाही, दुखत नाही, कातडीचा नुसता रंग जातो, हे त्याला ठाऊक होतं. तसं ते सगळ्यांनाच ठाऊक असतं.

त्याने नानांना फोन लावला. "नाना, पोरीच्या फोनमध्ये काही नाही. सगळं अभ्यासाचं आहे."

"पुसेल काय निंघनं?"

"थोडंफार. दवाखान्याचं आहे, खासगी आहे. ते राहू द्या."

"दवाखानानं? मंग ते तं पयले दखना पडी," नाना म्हणाले. "भाऊ, निवडीसन देऊ नको. बठ्ठं दे. उद्या लगीन व्हयनावर काही निंघनं, तं तुन्हंच नाव निंघी."

पियुषचा हात माऊसवर तसाच राहिला. फोटो बाजूला काढून ठेवणं त्याला सहज शक्य होतं. नानांना कधी कळलंही नसतं. पण नानांच्या हातून किती कामं येतात, उद्या नानांनी दुसऱ्या दुकानाची पायरी धरली तर काय, असे हिशेब त्याच्या डोक्यात उगवले आणि त्याने सगळीच फाईल सर्व्हरवर चढवली.

सोयरीक मोडली. मुलाकडच्यांनी नुसता निरोप धाडला, की आमचं जमत नाही. पियुषने ऐकलं आणि स्वतःला सांगितलं, चला, बरं झालं, गुपचूप मिटलं.

ते मिटलं नव्हतं. एका संध्याकाळी तो घरी आला तेव्हा त्याची बायको रूपा गॅसवर भरताची वांगी भाजत होती. ओट्यावर तिचा फोन सारखा वाजत होता. एका हाताने वांगं फिरवत तिने तो उचलला आणि तिचा चेहरा उतरला.

"हे बघा काय चाललंय," तिने फोन त्याच्यापुढे धरला. "हेमराजभाऊंची ऋतिका ना ही? माझ्या भाच्याला शिकवते ती."

बायकांच्या ग्रुपवर आलेलं ते चित्र होतं. एका बाजूला क्लासच्या फलकावरून उचललेला ऋतिकाचा हसरा चेहरा, दुसऱ्या बाजूला मांडीवरचा डाग आणि मोजपट्टी. खाली लिहिलेलं, 'कोड लपवून सोयरीक करणाऱ्यांपासून सावध. आपल्या सर्व ग्रुपवर पाठवा.' त्याच्याखाली हात जोडल्याच्या, संतापाच्या, हसण्याच्या खुणांची रांग लागली होती.

"पोरीच्या अंगाचे फोटो!" रूपा म्हणाली. "कोणी बाहेर काढले असतील हे? त्याच्या हाताला किडे पडोत."

पियुष पाणी प्यायला म्हणून माठाकडे वळला आणि पेला न भरताच उभा राहिला. रूपाने त्याच्याकडे पाहिलं. वांगं एका बाजूने करपायला लागलं, वास सुटला, तरी तिने ते उलटलं नाही.

"तुम्ही?" एवढंच ती म्हणाली.

त्याने होकारार्थी मान हलवली. तिने गॅस बंद केला, फोन उचलला आणि आतल्या खोलीत निघून गेली. त्यानंतर तिने त्याच्यासमोर कधी आपला फोन उघडला नाही. साधा माहेरी फोन करायचा तरी ती गच्चीवर जाई. भांडली नाही, रडली नाही. पण परक्या पुरुषासमोर बाई पदर सावरते तशी ती घरात फोन सावरू लागली, आणि पियुषला ते भांडणापेक्षा जड जाऊ लागलं.

मग एका दुपारी ऋतिका स्वतःच दुकानात आली. सोबत तिची आई, पुष्पाबाई. ऋतिका सावळी, शिडशिडीत, स्वच्छ बोलणारी. फोटोतल्या चेहऱ्यापेक्षा ती खूप थकलेली दिसत होती.

"पियुषदादा, ते फोटो मी फोन देण्याआधी पुसले होते," ती म्हणाली. "पुसलेलं परत आणणारे इथे तुम्ही एकटेच आहात. म्हणून तुमच्याकडे आले. ते आता नाहीसे करता येतील?"

"माझ्याकडचे गेले. लिंक केव्हाच बंद झाली. पण ज्यांच्या ज्यांच्या फोनमध्ये उतरले असतील..."

"म्हणजे नाही."

"नाही."

"बरं. तुमची लिंक कोणी कोणी उघडली, ते तर सांगता येईल?"

"मी नोंद ठेवत नाही," पियुष म्हणाला. कॉलेजपासून छाती पुढे काढून सांगितलेलं वाक्य होतं ते; आज ते त्याच्या तोंडून जेमतेम बाहेर पडलं.

पुष्पाबाई इतका वेळ काउंटरला धरून उभ्या होत्या. "मीच दिला रे बाप्पा तिचा फोन," त्या म्हणाल्या. "ती नको म्हने. म्हने, आई, त्याच्यात दवाखान्याचं आहे. मी म्हटलं, पुसून टाक नं मंग. पुसलं म्हंजे पुसलं. मले काय ठाऊक, पुसलेलं बी कोनी उकरून काढतं म्हनून?"

ऋतिकाने आईच्या हातावर हात ठेवला. मग पियुषकडे न पाहता ती म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते, दर महिन्याला त्याच उजेडात पट्टी लावून फोटो काढ, म्हणजे औषध लागू पडतंय का ते कळेल. डाग लहान होत होता, दादा. घरात आईशिवाय कोणाला सांगायची सोय नव्हती. मग मी ते फोटोच परत परत काढून बघायचे. फार आनंद व्हायचा मला."



"मी तक्रार दिली आहे," ती पुढे म्हणाली. "नाना म्हणतात, आमच्याकडे असलं काही आलंच नाही, पोरीनेच कोणाला तरी पाठवले असतील. आता तुमच्या शब्दावर आहे. तुम्ही सांगाल ना, की ते तुम्ही काढले आणि नानांना दिले?"

"मला दोन दिवस द्या," पियुष म्हणाला.

त्या दोन दिवसांत नाना आले. त्यांनी आवाज चढवला नाही. नेहमीसारखे स्टुलावर बसले आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोलीस पयले कोनले धरतीन? माले?" ते म्हणाले. "मी तं अडानी मानूस. माले ती लिंक बी नीट उघडता येत नही. तुन्हा त्या डबामा मन्हं नाव शे का कोठे?"

"नाही."

"मंग? तूच सांगे ना, कोनलेच कळत नही म्हनीसन." नानांनी टोपी डोक्यावर चढवली. "पोरनं जे व्हवानं ते व्हई गयं. तू कसाले मरस? तुले बायको शे, दुकान शे."

पोलीस शिपाई चौकशीला आला तेव्हा पियुषने त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "दुरुस्तीला रोज इतके फोन येतात, कोणता कोणाचा आठवत नाही." शिपायाने ते लिहून घेतलं. लिंक मेलेली, सर्व्हरवर नोंद नाही, नानांच्या फोनमध्ये काही सापडेना. सगळ्यात आधी ते चित्र ग्रुपवर कोणी टाकलं हे हजार हातांमधून मागे जात शोधायचं कुठवर? तक्रार तिथेच अडली.

पुढचं त्याच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी आलं. रूपाचा भाचा सांगून गेला, की आईने क्लास बंद केला, आता मॅडमकडे कोणीच जात नाही. हेमराजभाऊ केळीच्या मळ्यातच राहायला लागले, गावात यायचं टाळू लागले. एका बारशात ऋतिकाच्या हातची खीर बायकांनी वाटीतच ठेवून दिली. तिने कॉलेज सोडलं. मग मामाने तिला धुळ्याला नेलं आणि एका आडवारी, देवळात, पन्नाशीला टेकलेल्या माणसाशी तिचं लग्न लावून दिलं. त्याची पहिली बायको वारलेली, घरात दोन मुलं. हेमराजभाऊ लोकांना सांगत होते, "कोनी तं पदरात घेतलं, हेच खूप झालं."

हे ऐकलं तेव्हाही पियुष दुकानात बसूनच राहिला. तो रोज ठरवत होता आणि रोज टाळत होता. माणूस आपल्या भित्रेपणाला किती नावं शोधतो! आता सांगून तिचं काय भलं होणार, उलट जुनं उकरून निघेल, तिच्या नव्या संसारात विघ्न येईल. त्याने हे सगळं स्वतःला सांगून पाहिलं.

एके दिवशी दुपारी पुष्पाबाई एकट्याच आल्या. त्यांनी पिशवीतून एक फोन काढून काउंटरवर ठेवला.

"तिच्या सासरी सुनेले फोन चालत नही म्हने," त्या म्हणाल्या. "मी काय करू याचं? आतलं तं तू काढून घेतलंच व्हतं. आता वरचा डबा बी ठेव."

"काकू, थांबा जरा..."

त्या थांबल्या नाहीत. उन्हातून, ट्रॅक्टरच्या धुळीतून बस स्टँडकडे चालत्या झाल्या.

फोन पुढ्यात पडून होता. पियुषने त्याला हात लावला नाही. थोड्या वेळाने तो आपणच वाजला. कोणाचा फोन नव्हता, गजर होता. काचेवर अक्षरं उमटली, 'मलम लाव. मग ऊन.' रोज या वेळेला ती दार लावून मलम लावत असणार, खिडकीच्या उन्हात बसत असणार. आता धुळ्याच्या त्या घरात तिच्याकडे ना गजर होता, ना बंद करता येईल असं दार. गजर वाजत राहिला. तो थांबवण्यासाठी पियुषला शेवटी तिच्या फोनला हात लावावाच लागला.

त्याने शटर ओढलं, मागच्या खोलीतला सर्व्हर वायरींसकट उचलून खोक्यात भरला आणि घरी गेला.

"मी जळगावला जातोय. पोलिसांकडे," त्याने रूपाला सांगितलं.

रूपाने त्याच्याकडे पाहिलं. "चला. मी येते," ती म्हणाली. त्यापलीकडे ती धीराचं काही बोलली नाही. भुसावळमार्गे जळगावपर्यंतच्या एसटीत ती ते खोकं मांडीवर धरून बसली.

तिथल्या बाई अधिकारी शांतपणे ऐकत होत्या. पियुषने पहिल्यापासून सगळं सांगितलं: कोणत्या कोणत्या घरांचे फोन, कोणाच्या सांगण्यावरून, नानांचा त्या दिवशीचा फोन, आपण शिपायाला दिलेली खोटी जबानी. नानांची लिंक आपण कशी तयार केली तेही. बाईंनी मध्येच पेन थांबवलं.

"हे तुम्ही स्वतःवर ओढवून घेताय, समजतंय ना? आरोपींमध्ये पहिलं नाव तुमचं येईल."

"पहिलं माझंच आहे," पियुष म्हणाला.

त्या दिवशीचं नानांशी झालेलं बोलणं कोणत्या वेळी, किती मिनिटं झालं, हे टेलिफोन कंपनीच्या कागदावर जुळलं. गुन्हा दाखल झाला. पियुषला अटक झाली आणि जामीन झाला. नानांना जामीन त्याच्याही आधी झाला होता. शाळांनी आपली कामं काढून घेतली. ज्यांचे अल्बम त्याच्याकडे होते ती माणसं येऊन घालूनपाडून बोलून गेली, आणि त्यांचं बरोबरच होतं. 'जातीशी गद्दारी' अशी अक्षरं कोणीतरी शटरवर डांबराने लिहिली.

ऋतिका जबाब द्यायला आली ती आईसोबत. सासरी काय सांगून आली होती कोण जाणे. कचेरीच्या व्हरांड्यात बाकावर पियुष बसला होता. तिला पाहून तो उठला. रस्ताभर जुळवलेले शब्द त्याच्या ओठांवर आले, पण तिने त्याला बोलू दिलं नाही.

"तुम्ही दोन दिवस मागितले होते," ती म्हणाली आणि आत गेली.

दार उघडंच होतं. आतलं बोलणं त्याला ऐकू येत होतं. बाई अधिकारी तिला समजावत होत्या, की तुमचं नाव कुठे बाहेर येणार नाही, कायदाच तसा आहे, घाबरू नका.

"माझं झाका, मॅडम," ऋतिकाचा आवाज आला. "ते झाकायलाच हवं होतं. पण ज्यांनी हे केलं त्यांची झाकू नका. इतके दिवस सगळ्यांची नावं झाकलेली होती आणि उघडी मी एकटी होते."

तिचा जबाब बराच वेळ चालला. मग ती बाहेर आली, डोक्यावरून पदर घेतला आणि आईसोबत धुळ्याच्या गाडीकडे गेली. तिला परतच जायचं होतं. जाण्यासारखं दुसरं घर तिला कोणी ठेवलं नव्हतं.

खटला अजून उभा राहायचा आहे. दरम्यान लग्नसराई आली. वधू-वर मेळाव्यात झुलाल नाना पुढच्या रांगेत खुर्चीवर बसले आणि लोकांनी त्यांना हारही घातला. फोन द्यायची रीत बंद पडली नाही. तपासणारं दुकान तेवढं बदलून जळगावचं झालं.

अशाच एका सकाळी पियुष दुकानात रिकामा बसला होता. शटरवरचं डांबर त्याने घासलं होतं, पण अक्षरं वाचता येत होती. पुष्पाबाई पायरी चढून आल्या. जळगावच्या त्या दिवसानंतर त्या त्याच्याशी बोलल्या नव्हत्या. हातात त्यांचा स्वतःचा, काचेला तडा गेलेला फोन होता. त्या स्टुलावर बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"बोदवडले एक पोर पाहाले येऊ राह्यले," त्या म्हणाल्या. "मी जाऊ राह्यली तिच्या घरी."

"तुम्ही? कोण आहेत ते?"

"कोनी नही. मी आता जाते जिथं कयलं तिथं. पहिल्या घरी चहा पाजला आनं बोलूच नही दिलं. दुसऱ्या घरची बाई म्हने, तुह्या पोरीले डाग व्हता, आमच्या पोरीले नही. हाकलूनच दिलं जवय जवय. तिसऱ्या घरी ती पोर मागच्या दाराले आली आनं मले विचारते, मावशी, पुसलेलं खरंच पुसलं जाईन असं कसं करू? मी काय सांगू तिले? मले येतं काय?"

पियुष काउंटरमागून उठून पुढे आला.

"तू शिकव मले," पुष्पाबाई म्हणाल्या. "सगयं. फोनाले कुलूप कसं लावता, कार्ड कसं काढता, फोटो कुठी ठेवला म्हंजे कोनाच्या हाती लागत नही."

"काकू, मी तुमच्यापुढे कोणत्या तोंडानं..."

"तुले माफ केलं म्हनून नही आली मी," त्यांनी त्याला तोडलं. "ते काही माह्यानं व्हनार नही. इथं दुसऱ्या कोनाले येत नही म्हनून आली. शिकव."

पियुषने त्यांचा फोन हातात घेतला नाही. तो त्यांच्याच हातात राहू दिला आणि शेजारी उभा राहून सांगू लागला. इथे दाबा. आता आकडा घाला, जन्मतारीख नको, पोरीचं नाव नको. हे कार्ड असं निघतं. फोटो कार्डावर ठेवायचे नाहीत. फोनमध्येच ठेवायचे आणि त्याला पूर्ण कुलूप लावायचं, म्हणजे पुसल्यावर आत काही उरलं तरी कोणाला ते वाचता येत नाही, माझ्यासारख्यालाही नाही. पुष्पाबाई चुकत होत्या, जीभ दातांत धरून परत पहिल्यापासून सुरू करत होत्या. बाहेर बोदवडकडे जाणाऱ्या गाडीची वेळ होत आली, तरी त्यांनी घाई केली नाही. चारदा चुकून पाचव्यांदा त्यांनी न विचारता सगळं केलं आणि फोन पदराच्या टोकाने पुसला.

"बरं, आनं सर्वात पहिले काय सांगू पोरींले?" उठता उठता त्यांनी विचारलं.

"सर्वात आधी सांगा, की फोन द्यायचाच नाही. कोणी कितीही मागितला तरी."

"ते मले सांगता येतं," पुष्पाबाई म्हणाल्या, आणि पायरी उतरून बस स्टँडकडे चालू लागल्या.